चौथीचा वर्ग बोलत का नाही

१६ नोव्हेंबर १९५४, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. निम्मी मुलं धानाच्या कापणीला गेलेली. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. पहिली-दुसरी हेडमास्तर भैयाजी गुरुजींकडे, मधल्या कुडापलीकडे. आज चौथीला दिशा शिकवल्या. चांगला रंगलो. तास संपल्यावर भैयाजी गुरुजी दारात येऊन म्हणाले, "गुणवंतराव, तुमचा आवाज मस्त आहे. माझ्या पहिलीच्या पोट्ट्याइले बी दिशा पाठ झाल्या." बरं वाटलं.

त्यांनीच दुसरी बातमी दिली, ती तितकीशी बरी नाही. आमच्या शाळेला चौथी यंदाच मिळाली आहे, आणि तीही एका वर्षाच्या बोलीवर. फेब्रुवारीत इन्स्पेक्टरसाहेब येऊन तोंडी परीक्षा घेतील. वर्ग त्यांना पसंत पडला तर चौथी कायम, नाहीतर बंद. मग चौथीसाठी सावली गावाला जायचं. इतक्या लांब दोन-चार मुलगे जातील. मुलगी एकही जाणार नाही.

लेखी परीक्षा असती तर मला चिंता नव्हती. पण माझा वर्ग बोलत नाही. बोलतो तो एकटा लटारू, किराणा दुकानवाल्याचा मुलगा. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर येतं. तो नसता तर मी भिंतींशीच बोलत बसलो असतो. लहानपणी मी अगदी असाच होतो. बाकीचे मान खाली घालतात. वारलू हा मासे धरणाऱ्या ढिवराचा मुलगा ओठ हलवतो, पण शब्द बाहेर येत नाही. आणि सुकरी. गोंडटोलीतून चौथीपर्यंत पोचलेली ही पहिली मुलगी. पाटीवर सगळं बरोबर लिहिते. जूनपासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही.

का बोलत नाही? हे शोधून काढायचं ठरवलं आहे. म्हणूनच ही वही.

रंभाला येऊन आठवडा झाला. लग्न मे महिन्यात झालं, पण घर मांडायला ती आत्ता आली. शाळेच्या मागेच आमची खोली. जेवताना तिला विचारलं, "करमते का इथी?" नवीन गाव आहे, वेळ लागेलच, असंही म्हणालो. तिने मान हलवली आणि भात वाढला.

२२ नोव्हेंबर, सोमवार

पहिली शंका कानांची. आज सुकरीच्या मागे जाऊन हातातला रूळ मुद्दाम खाली पाडला. ती दचकली. तिच्याबरोबर सगळा वर्गही दचकला आणि लटारू म्हणाला, "गुरुजी, तुमचा रूळ पडला."

मग दुपारी हळूच पुटपुटलो, "सुकरीच्या पाटीवर मुंगळा आहे." तिने लगेच पाटी पाहिली. कान माझ्याहून चांगले आहेत.

वारलूचेही तसेच तपासले. त्यालाही ऐकू येतं. एक शंका मिटली.

२७ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी शंका भाषेची. घरी गोंडी बोलत असणार, शाळेत मराठीला बिचकत असेल. हे मला इतकं पटलं होतं की टोलीतल्या एकाकडून मी गोंडीतले चार शब्दही शिकून घेतले. सकाळी तिला तिच्या भाषेत विचारलं, जेवलीस का? टोलीतली तिसरीची पोरं खो खो हसली. माझे उच्चार काहीतरी भलतेच झाले असावेत. सुकरीही हसली, पण तोंडावर हात ठेवून, आवाज न करता.

बाजारात तिचा बाप भेटला. पोचू त्याचं नाव. कापणीच्या मजुरीवरून आला होता, खांद्यावर विळा. त्याला म्हणालो, "सुकरी घरी कोणत्या भाषेत बोलते?"

तो जरा विचारात पडला. "दोनी भाषा येते तिले," म्हणाला. "दोनीत बोलत नाई."

"घरी बी नाही?"

"माझी माय अशीच होती. दिवसात दोन गोष्टी सांगे. पण त्या आमी ऐकत होतो." मग त्याने मलाच विचारलं, "शाळेत बोलाचं लागते काय, गुरुजी? मी तं तिले ऐकाले पाठवतो."

मी त्याला शिक्षणाचा हेतू समजावून सांगितला. प्रश्नोत्तर पद्धती, धीटपणा, पुढे कचेरीत, कोर्टात, दवाखान्यात बोलावं लागेल, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बरं," आणि मीठ घ्यायला गेला.

भाषा नाही, कान नाही. मग भीती? पण ती माझ्याकडे सरळ पाहते. भिणारं मूल असं पाहत नाही. गंमत म्हणजे मीच तिच्यापुढे थोडा बावचळतो.

४ डिसेंबर, शनिवार

आज हट्टाला पेटलो. मास्तर होण्याआधी नॉर्मल स्कूलमध्ये आम्हाला सांगत, मुलाची भीड एकदा मोडली की कायमची मोडते. सुकरीला उभं केलं. सोपा प्रश्न विचारला, आपल्या देशाची राजधानी कोणती? गेल्याच आठवड्यात तिने पाटीवर लिहिलं होतं. म्हणालो, उत्तर दिल्याशिवाय बसायचं नाही.

ती उभी राहिली. मी म्हणालो घाबरू नकोस. म्हणालो तुला येतं, मला माहीत आहे. पहिलं अक्षर सांगितलं. लटारू बोट वर करून म्हणतच होता, "मी सांगू गुरुजी, मी सांगू?" कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. मी त्यांना दटावलं आणि सुकरीला परत समजावलं. मधली सुट्टी होईपर्यंत हे चाललं. ती रडली नाही. जमिनीकडे पाहत उभी राहिली. घंटा झाली तेव्हा मीच "बस" म्हणालो.

हे तिच्या भल्यासाठीच होतं. तरी दिवसभर तोंडाला चव नाही.

संध्याकाळी रंभा जेवली नाही. मागच्या आवारातून वर्गातलं सगळं ऐकू येतं तिला. विचारलं तर म्हणाली, "भूक नाई." हवा बदलली की भूक मंदावते, असं मी तिला सांगितलं.

८ डिसेंबर, बुधवार

सुकरी सोमवारपासून येत नाही. कापणीला जाते, असं टोलीतली मुलं सांगतात.

भैयाजी गुरुजींना सांगितलं. ते पान लावत होते. "आली तं आली," म्हणाले. "नाई आली तं नाव कमी करून टाका. इन्स्पेक्टरसमोर मुकी पोट्टी उभी राह्यण्यापेक्षा नसलेली बरी. चौथी वाचली तं बाकीच्या पोराइचं भलं होईन."

खोटं नाही. ती नसली तर वर्ग जास्त चमकेल. हा विचार माझ्याही मनात आला, त्यांनी बोलायच्या आधीच आला होता. वहीत काय लपवायचं. पण मग चौथी वाचवायची कोणासाठी? लटारू तर सावलीलाही जाईल. त्याच्या बापाची बैलांची दमणी आहे.

वर्गाकडून दिशांची कविता घोकून घेतो आहे, सगळे मिळून, मोठ्याने. साहेबांसमोर एकसुरात म्हटली तर कोण बोललं, कोण नाही, कळणार नाही. मळणीची धूळ आणि थंडी, घसा धरला आहे.

१२ डिसेंबर, रविवार

सकाळी उठलो तर आवाजच नाही. फुस्स एवढंच निघालं. पण आज टोलीला जायचं पक्कं केलं होतं. पोचूला काय काय सांगायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. तसाच गेलो.

पोचू अंगणात सिंदीच्या पानांची चटई विणत होता. मी हात जोडले, घशाकडे बोट दाखवलं. त्याला कळलं. बाज पुढे सरकवली, पाणी दिलं आणि परत विणायला बसला. मी बसून राहिलो. जुळवून आणलेलं सगळं घशाखाली अडकलेलं. सुरुवातीला फार अवघड गेलं. असा दुसऱ्याच्या दारात काही न बोलता मी जन्मात बसलो नसेन. काय समजत असेल हा माणूस, असं वाटत होतं. पण तो काहीच समजत नव्हता, चटई विणत होता. हळूहळू माझं मन ठिकाणावर आलं. कोंबडी पिलांना घेऊन माझ्या पायाखालून गेली. कुठेतरी कुऱ्हाड चालली होती. ऊन अंगणाच्या अर्ध्यावर आलं.

सुकरी आतून येऊन दारात बसली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. कान धरून माफी मागावी असं वाटलं, पण बापासमोर गुरुजीने कान कसा धरावा? नुसता पाहत राहिलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उद्या यीन."

एवढंच. आवाज जाडसर आहे तिचा, मोठ्या बाईसारखा. मी तो पहिल्यांदा ऐकला.

१४ डिसेंबर, मंगळवार

सुकरी आली. माझा आवाज आला नाही. कालपासून फळ्यावर प्रश्न लिहितो आणि पाट्यांकडे बोट दाखवतो. मुलं लिहितात, मी एकेकाची पाटी पाहत फिरतो. चूक की बरोबर तेही मानेनेच सांगतो. लटारूने पहिल्यांदा तोंडी सांगायला सुरुवात केली, पण मी "बरोबर" म्हणू शकलो नाही, म्हणून त्याची मजा गेली. तोही लिहू लागला.

आज लिहिलं, पाऊस का पडतो? लटारूच्या पाटीवर, ढग येतात म्हणून. वारलूच्या पाटीवर, पाण्याची वाफ वर जाते, थंड होते व खाली येते. हा मुलगा जूनपासून माझ्यासमोर बसतो आणि त्याला हे समजलं आहे याचा मला पत्ता नाही. सुकरीच्या पाटीवर उत्तर नव्हतं, प्रश्न होता. कधी ढग येऊनही पाऊस का पडत नाही?

मला ते इतकं आवडलं की तिची पाटी उचलून वर्गाला दाखवली. बोलता तर येत नव्हतं. मुलं वाचून गप्प झाली. मग वारलू उठला. "गुरुजी, व-वारा," म्हणाला आणि अडला. इतर वेळी मी पुढचं सांगून त्याची सुटका केली असती. आज ते शक्य नव्हतं. तो अडलेला राहिला, वर्ग त्याच्याकडे पाहत राहिला, आणि मग तो आपणच सुटला. "वारा ढगाले नेऊन टाकते. आमी डोंग्यातून पाह्यतो."

पंधरा मिनिटं मुलं आपसांत बोलत होती. मी खिडकीपाशी उभा.

१६ डिसेंबर, गुरुवार

आवाज अजून नाही. रंभा रोज लवंग आणि मिठाचं गरम पाणी देते. आज संध्याकाळी चुलीपाशी बसलो होतो. मी गप्प, ती गप्प. मग ती आपणहून बोलायला लागली. मला इतकं नवल वाटलं की जसं बोलली तसं लिहून ठेवतो.

"मी तिसरीवरी शिकली," ती म्हणाली. हे मला माहीत होतं, पण मान हलवली. "गुरुजी विचारत. मले उत्तर येत जाय. पण मनात नीट मांडू मांडू म्हणेवरी दुसरंच कोनी सांगून टाके. मंग वाटे, आता काऊन सांगाचं. मंग गुरुजीनं मले विचाराचंच सोडून देल्लं." तिने लाकूड पुढे सारलं. "त्या पोरीले तुमी उभं केलं तं माह्या पायाले मुंग्या आल्या."

माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. एकही बाहेर पडलं नाही. मग ती पुढेही बोलली. तिच्या गावच्या तळ्याबद्दल, धाकट्या बहिणीबद्दल, आणि आमच्या वर्गातली दिशांची कविता तिलाही पाठ झाली आहे याबद्दल.

एवढी वाक्यं ती एकदम कधीच बोलली नव्हती. माझ्या दुखण्याची दया आली असावी. की हळूहळू गावात रुळते आहे?

२१ डिसेंबर, मंगळवार

आवाज परत आला. पोटभर शिकवलं. आठवडाभराचं सगळं साचलेलं होतं.

वर्ग पुन्हा गप्प. वारलू ओठ हलवतो. सुकरी पाटीवर चिमणी काढत होती. लटारू मात्र खुश.

आठवडाभर जे सुरू झालं होतं ते कुठे गेलं? थंडी वाढली आहे, त्यामुळे मुलं आखडून बसतात का? घरीही तेच. रंभाला विचारलं, आज तळ्याची गोष्ट पुढे सांग ना. काय झालं, तुझी बहीण पाण्यात पडली होती ना, मग कोणी काढलं, बापाने काढलं असेल? "हो," म्हणाली. संपली गोष्ट.

४ जानेवारी १९५५, मंगळवार

लटारूला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. म्हटलं, "तू हुशार आहेस, पण दुसऱ्यांनाही बोलू दे. मी विचारलं की तू थोडा थांबत जा."

तो मनापासून विचार करून म्हणाला, "मी थांबलो तं काय होते गुरुजी? मंग तुमीच सांगून टाकता."

मी त्याला तसं नसतं म्हणून सांगितलं. पण मग खात्री करायची ठरवली. डाव्या खिशात नाल्यातले खडे भरले. प्रश्न विचारून उत्तर मीच दिलं की एक खडा उजव्या खिशात टाकायचा. दुपारपर्यंत सदरा एका बाजूला लोंबायला लागला. मुलं हसत होती, त्यांना वाटलं बोरं आहेत.

वर्गाबद्दल ही वही लिहायला घेतली होती. आज पहिल्यांदा वाटतं की त्यातला एक जण मोजायचा राहिला होता.

१५ जानेवारी, शनिवार

नवी रीत अशी. प्रश्न फळ्यावर. आधी प्रत्येकाने पाटीवर लिहायचं, बोलायचं कोणीच नाही, मीसुद्धा नाही. मग शेजाऱ्याला दाखवायचं, त्याच्याशी बोलायचं. मग ज्याला वाटेल त्याने वर्गाला सांगायचं. आपलं नाही तर शेजाऱ्याचंही सांगितलं तरी चालेल.

यातलं सगळ्यात कठीण काम माझं. प्रश्न लिहिल्यावर मी दाढेखाली लवंग धरतो, नाहीतर तोंड उघडतंच. मंगळवारी विसरलो आणि अख्खा तास माझाच झाला. परवा भैयाजी गुरुजी दारात येऊन उभे राहिले, "काऊन, आज शाळा बंद आहे काय?" म्हणून.

लटारूला काम दिलं आहे, प्रश्न काढायचं. उत्तर द्यायचं नाही, नुसतं विचारायचं आणि ऐकायचं. पहिल्या दिवशी तो रडकुंडीला आला. आता सुकरीकडे प्रश्न विचारायला जातो. तिच्याकडे साठा आहे.

सुकरीला मी उद्या काय विचारणार ते आदल्या दिवशीच सांगून ठेवतो. ही लबाडी आहे का? नॉर्मल स्कूलमध्ये लबाडीच म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ जे असतं ते पाठ केलेलं नसतं. आज ती शेजारच्या मुलीशी इतका वेळ बोलत होती की गप्प बस म्हणायची सवय माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आली.

वर्गाला मात्र अजून ती काही सांगत नाही. तिचं शेजारीण सांगते. हरकत नाही, असं म्हणतो खरा. पण साहेब शेजारणीचं ऐकून घेतील का?

१० फेब्रुवारी, गुरुवार

आज इन्स्पेक्टरसाहेब आले. सावलीहून दमणीतून. उन्हाने लालबुंद झालेले, घाईत, दुपारी आणखी एका शाळेला जायचं होतं.

पाढे झाले, वाचन झालं. एकसुरातली कविता मी ठेवली नव्हती. लटारूने स्वतःला आवरून धरलं होतं, मुठी वळून बसला होता. साहेबांनी भूगोल काढला. "तुमच्या गावचा नाला कोणत्या दिशेला वाहतो?"

पुढच्या बाकावरून उत्तर आलं, "पूर्वेले." साहेबांनी मान डोलावली. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "ती मुलगी. तू सांग, कोणत्या दिशेला?"

सुकरी उभी राहिली. बोलली नाही.

"ऐकलंस ना आत्ता? तेच सांग."

नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बस," ते तिला म्हणाले आणि पुस्तकाचं पान उलटायला लागले.

मी म्हणालो, "साहेब, थोडं थांबता का? ती सांगेल."

त्यांनी घड्याळ पाहिलं, पण थांबले. आता यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. लवंग नव्हती, खिशात हात घालून मुठी आवळल्या. ती सांगेल असं मी कशाच्या भरवशावर बोललो? सगळी चौथी त्या एका वाक्यावर ठेवली होती. पलीकडच्या खोलीत भैयाजी गुरुजींचा वर्गही थांबला. वर्गात कोणी हसलं नाही. मुलं वाट पाहत होती, नुसती, त्यांना आता त्याची सवय आहे.

"टोलीपाशी उत्तरेले वाहते," सुकरी म्हणाली.

"चूक. आत्ताच तर—"

"सकाळी पाण्यात उभं राह्यलं," ती तिच्याच चालीने पुढे गेली, जणू साहेब बोललेच नाहीत, "तं सूर्य उजव्या हाताले असते. पाणी समोर जाते."

साहेबांनी स्वतःचा उजवा हात थोडा उचलला. मग हळूच डावीकडे, उजवीकडे वळून पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाले. "मग पूर्वेला केव्हा जातो?"

ती पुन्हा गप्प झाली. या वेळी साहेबच थांबले. मग ती फळ्याशी गेली, खडू घेतला आणि पाठमोरी उभी राहून नाला काढला. टोली, वळण, शाळा, स्मशान, मोठी नदी. एक शब्द नाही. वारलू उठून म्हणाला, "व-वळणावर डोह आहे, साहेब. तिथी पाणी कुठीच जात नाई." मग दुसरा मुलगा, मग एक मुलगी. पाणी थांबतं तेव्हा त्याची दिशा कोणती, असं लटारूने विचारलं, आणि विचारून तो गप्प बसला. साहेब बाकावर टेकले. पुढच्या शाळेची आठवण त्यांना बऱ्याच वेळाने झाली.

जाताना दमणीत चढत ते भैयाजी गुरुजींना म्हणाले, "चौथी राहू द्या. मी वर तसं कळवतो." मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मुलं चांगली आहेत. तुम्ही मात्र भिडस्त दिसता. वर्गात जरा बोलत चला."

दमणी नाल्यापार होईपर्यंत भैयाजी गुरुजींनी कसंबसं धरून ठेवलं. मग शाळेच्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

१३ फेब्रुवारी, रविवार

साहेबांचं ते वाक्य रंभाला सांगितलं तर तीही हसली, पदर तोंडाला न लावता. मला वाटलं होतं ती थोडं माझ्या बाजूने बोलेल.

काल पोचू येऊन गेला. मोहाच्या दिवसांत सुकरी शाळेत येणार नाही, तेव्हा वेचणीला हात लागतात, पण परीक्षेला येईल, एवढं सांगितलं आणि बसला. मीही बसलो. आता मला ते जमतं.

आज दुपारी रंभा धान पाखडत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिचं सूप थांबलं. मी वर पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. करमत नाही म्हणेल, माहेरी जायचं म्हणेल, मी मनात तयारी केली. होळीला नेतो म्हणून सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. सांगितलं नाही. वर्तमानपत्राची घडी केली. सुपातले दाणे वेचायला चिमणी आली आणि उडून गेली.

"मले चौथी कराची आहे," रंभा म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने, "मागून ऐकू येते सगळं, पण फळा दिसत नाई."

माझ्या मनात एकदम किती गोष्टी आल्या. गाव काय म्हणेल. गुरुजीची बायको पोरांत. वय. भैयाजी गुरुजी. घरचं काम. माझे वडील. सगळ्या खऱ्या होत्या. तिनेही त्या आधीच मोजलेल्या असणार, नोव्हेंबरपासून तिला वेळच वेळ होता.

"कुठी बसशील?" मी विचारलं.

"सुकरीच्या बाजूले."

२१ फेब्रुवारी, सोमवार

भैयाजी गुरुजींनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "परीक्षेला बाहेरून बसता येते, मग आतून ऐकलं तं कोनाचं काय जाते. नाव हजेरीत लिवा, म्हणजे कोनी विचारलं तं सांगता येईन." गावात बोलणं सुरू झालं आहे. दुकानावर लटारूचा बाप मला पाहून गप्प झाला. पाणवठ्यावर बायका रंभाला काय म्हणाल्या ते तिने सांगितलं नाही. पाणी मात्र भरून आणलं.

सकाळी ती मुलांच्या आधी जाऊन बसली होती. हिरवं लुगडं, नवी पाटी. सुकरीने काही न विचारता सरकून जागा केली.

हजेरी घेतली. लटारू, वारलू, सुकरी, सगळे झाले. शेवटी माझ्याच अक्षरातलं तिचं नाव. बायकोचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. घरीही अगं म्हटलं की भागतं. मुलं माझ्याकडे पाहत होती, कोणी हसत नव्हतं. या वेळी वर्ग माझ्यासाठी थांबला होता.

"रंभा," मी म्हणालो. आवाज बराच बारीक निघाला.

मग आम्ही सगळे तिच्यासाठी थांबलो. घाई कोणालाच नव्हती.

"हाजर," ती म्हणाली.